शंभरसरांची चेहऱ्यांची वही

शंभरसरांची आणि माझी पहिली भेट हे सरळसरळ अपहरण होतं. नोकरीचा माझा पहिला दिवस. मुख्याध्यापकांनी मला गणिताचा वर्ग दिला, खडू दिले, हजेरीपट दिला, पण खुर्ची द्यायला ते विसरले. "शेजारच्या चित्रकलेच्या खोलीतून एखादी उचलून आणा," एवढं सांगून ते चहा प्यायला गेले ते मधली सुटी संपून एक तास झाला तरी परतले नाहीत. मी बापडा शेजारच्या दारातून नुसता आत डोकावलो. तेवढ्यात एका काटकुळ्या हाताने माझं मनगट पकडलं, दुसऱ्याने माझी हनुवटी वर केली, आणि काय चाललंय हे कळायच्या आत मी एका उंच तीनपायी स्टुलावर बसलेला होतो.

"मुलांनो, नवीन चेहरा!" तो काटकुळा गृहस्थ आनंदाने ओरडला. खाटकाच्या दुकानात नवा बोकड आल्यावर जो आनंद होत असेल, तो. "मोजा!"

चौतीस पोरांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. नुसतं बघायला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक ते शंभर. वाचकहो, तुमच्याकडे कोणी कधी शंभर मोजेपर्यंत सलग बघितलंय? माझ्या बायकोनेसुद्धा बघितलेलं नाही. विसाच्या आसपास तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण होते. पन्नासला मला वाटलं, माझ्या शर्टाचं बटण उघडं आहे. साठाला माझी सगळी पापं आठवली. ऐंशीला तर जी केली नव्हती तीही कबूल करून मोकळं व्हावंसं वाटू लागलं. शंभराला मी घामाने असा निथळत होतो की आणखी दहा मोजले असते तर स्टूल पाण्यावर तरंगलं असतं.

मग ती पोरं कागदावर तुटून पडली. दोन तास मी तिथे होतो. शेजारी माझा वर्ग गणिताशिवाय सुखाने नांदत होता. चित्र पुरं झालं तेव्हा कळलं की माझं नाक मी समजत होतो त्याच्या दुप्पट आहे. घरी जाऊन पट्टीने मोजलं. पोरं बरोबर होती.

दारात मुख्याध्यापक भेटले. "मिळाली का खुर्ची?"

"नाही," मी म्हणालो. "नाक मिळालं."

शंभरसरांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. पोरं, पालक, शिपाई, सगळे त्यांना शंभरसर म्हणत. ज्या पोरांना माझ्या वर्गात चाळीसच्या पुढे गेलं की दम लागायचा, ती त्यांच्या वर्गात शंभरापर्यंत बिनचूक जायची. याचं मला वाईट वाटायचं. तसं त्यांना बोलून दाखवलं तर ते म्हणायचे, "तुमच्याकडे ती आकडे मोजतात. माझ्याकडे नाक मोजतात. नाकात रस असतो."

दरवर्षी चौथीच्या वर्गाकडून ते एक वही करून घेत. चेहऱ्यांची वही. वर्गात जितकी मुलं तितकी पानं, प्रत्येक पानावर एका मुलाचा चेहरा. पण एक चेहरा एकाने काढायचा नाही, सगळ्या वर्गाने काढायचा. वर्षाच्या सुरुवातीला खात्यांची वाटणी व्हायची, मंत्रिमंडळाची होते तशी, फक्त रुसवेफुगवे कमी. एकाकडे नाक, एका मुलीकडे उजवा कान, दुसऱ्याकडे डावा. कुणाकडे वरचा ओठ, कुणाकडे हनुवटी. केस तिघांत विभागलेले, कारण काम फार. एका मुलीकडे तीळ, व्रण आणि देवीचे डाग. एका पोराकडे फक्त शर्टाचं पहिलं बटण. ज्याला जे खातं मिळेल ते त्याने वर्षभर सांभाळायचं. म्हणजे नाकवाला पोरगा वर्षात तीसएक नाकं काढायचा आणि शेवटी रस्त्याने चालताना लोकांकडे असा बघायचा की लोक रुमाल काढत.

पोरं एकमेकांना हाकाही तशाच मारत. "ए नाक, कानाला सांग, हनुवटी बोलावतेय." बाहेरचा माणूस ऐकून चक्रावून जाई.

दर आठवड्याला एक जण स्टुलावर बसायचा आणि पान वर्गभर फिरायचं. नियम तीन. शंभर मोजेपर्यंत बघितल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही. आणि माणूस समोर असल्याशिवाय त्याचं काहीही काढायचं नाही. आठवणीतून तर अजिबात नाही. "आठवणीत सगळेच देखणे असतात," सर म्हणायचे. स्वतःची पाळी आली की आपलं खातं आपणच काढायचं, चहाच्या बशीएवढा एक प्लॅस्टिकच्या चौकटीचा आरसा होता त्यात बघून. डोळे मात्र नेहमी सगळ्यांत शेवटी. "आधी घर बांधा," ते म्हणत, "मग खिडक्या उघडा."

सर स्वतः कधीच काही काढत नसत. चौदा वर्षांत मी त्यांना फळ्यावर साधा आंबा काढताना पाहिलं नाही. शिक्षकांच्या खोलीत बोलवा होती की त्यांना काढताच येत नाही. भूगोलाच्या बाईंनी एकदा तोंडावर विचारलं, "सर, आमच्या बाळाचं एखादं चित्र काढून द्या ना."

"मी काढणारा नाही हो बाई, मी बघायला लावणारा."

"म्हणजे पोहणं शिकवणारा, पण काठावरून."

"काठावरून ओरडायलाही कोणीतरी लागतं," सर म्हणाले आणि डबा उघडून बसले.

राहायचे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, थोरल्या बहिणीबरोबर. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का तीस वर्षं मोठ्या इस्पितळात परिचारिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज निवृत्त झालेला नव्हता. भावाचं लग्न झालं नाही याचं कारण त्या पाहुण्यांना बिनदिक्कत सांगत: "तीन ठिकाणी गेला होता. तिन्ही ठिकाणी मुलीकडे शंभर मोजेपर्यंत बघत बसला. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या भावाने मारलं."

वर्ष संपत आलं की सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही शिवायला बसत. दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठा, पाठीला जाड कापड. कणकेची खळ शिजवत आणि अक्का डब्यात हात घालून ओरडत, "पुन्हा माझी कणीक! याची पुस्तकं जेवतात आणि मी उपाशी!" अशा सव्वीस वह्या त्यांच्या कपाटात होत्या. सव्वीस वर्षांत एकही पान अपुरं नव्हतं, हे ते आपला पराक्रम सांगावा तसं सांगत. एकदा पाय मोडलेल्या मुलासाठी सगळा वर्ग त्याच्या घराच्या जिन्यात बसवला होता. एकदा एक मुलगी गाव सोडून चालली होती, तर तिचा डावा कान मोटार सुटायच्या आधी फलाटावर काढून घेतला होता.

सत्ताविसाव्या वहीच्या वर्गात एकतीस मुलं होती. त्या वर्षी डोळ्यांचं खातं ज्या मुलीकडे आलं, तिला मी डोळेबाई म्हणायचो. ठेंगणी, गोबऱ्या गालांची, दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असं बघणारी की बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय असं वाटावं. तिची आई शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. बाप होता, पण कामासाठी लांब कुठेतरी होता आणि तिथेच रमला होता.

या मुलीने माझ्या गणिताच्या पेपरात शंभरपैकी एकोणीस मिळवले आणि मागच्या पानावर माझे डोळे काढले. मी ते बघितले आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर वाढला होता. सर तर तिच्यावर लुब्ध होते. "सव्वीस वर्षं मी हिची वाट बघत होतो," असं चारचौघांत म्हणायचे. बाकीची पोरं रुसायची. बटण तर एक आठवडा संपावर गेलं होतं.

अठरा पानं झाली. एकोणिसावं तिचंच. वर्गाने वेण्या काढल्या, गाल काढले, बटणाने बटण काढलं. शेवटी आरसा घेऊन ती डोळे काढायला बसणार तेवढ्यात घंटा झाली.

"उद्या काढ," सर म्हणाले. "खिडक्या कुठे पळून जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. ताप होता. आठवड्याने कळलं की रक्ताचा आजार आहे आणि तिला मोठ्या इस्पितळात ठेवलंय.

वर्गात बाकीची बारा पानं चालूच राहिली. नाक, कान, ओठ, सगळं जागच्या जागी, डोळ्यांच्या जागी मोकळा कागद. खिडकीतल्या दोरीला चिमटे लावून ती पानं टांगलेली असत. शिपाई म्हणाला, "मी त्या खोलीत एकटा झाडू मारणार नाही. काहीतरी करा." मुख्याध्यापकांनी सुचवलं, "दुसऱ्या कुणाकडे द्या की डोळे." सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते म्हणालेत, मुख्याध्यापकपद शिपायाकडे द्या की.

"ती बरी होऊन येईल तेव्हा काढेल," सर म्हणाले.

घरी मात्र अक्कांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. अक्का जुन्या सहकाऱ्यांना भेटून आल्या होत्या. त्या दिवशी सर वर्गात आले ते थेट पानांकडे गेले आणि चिमटे काढू लागले. "आपणच तिकडे जायचं," एवढंच ते म्हणाले.

इस्पितळात मुलांना आत सोडत नसत. पण त्या खोलीला व्हरांड्याच्या बाजूने काच होती, आणि दारावरचा रखवालदार नोकरीला लागला तेव्हा अक्कांच्या हाताखाली होता. अक्कांनी त्याला नुसतं "काय रे?" म्हटलं. त्याने दार उघडलं, स्टूलही आणून दिलं. मग बुधवार आणि शनिवार असं सुरू झालं. मी माझ्या स्कूटरवरून एका मुलाला घेऊन जायचं, काचेपलीकडे उभं करायचं. आत सर तोंडाला फडकं बांधून, कागद फळीला लावून तिच्यासमोर धरायचे. ती काचेतून बघायची, ओठ हलवत शंभर मोजायची, आणि डोळे काढायची. कधी अर्धा तास लागे, कधी हात थकला की मध्येच थांबे. पण काढायची.

पहिल्यांदा मी तिला पाहिलं तेव्हा ओळखलं नाही. केस गेले होते, औषधांनी तोंड सुजून डोळे आत गेले होते, कातडीचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. आईने खोलीतून जे जे चकाकतं ते सगळं हलवलं होतं. भिंतीवरचा आरसा उतरवला होता. स्टीलचा पेला, स्टीलचा डबा, चमचा, सगळं घरी नेऊन कागदी पेले आणले होते. संध्याकाळ व्हायला लागली की काचेवर पडदा ओढायची, कारण उजेड कमी झाला की काचेत चेहरा दिसतो. असा बंदोबस्त मी कुठल्या राजवाड्यातही ऐकलेला नाही. मुलांना ती आधीच दम भरायची: "तिच्यासमोर तोंड वाकडं करायचं नाही. हसायचं."

पोरं हसायची. बटण तर शंभर मोजेपर्यंत बत्तीशी दाखवून उभं होतं. शेवटी शेवटी त्याचा जबडा थरथरायला लागला आणि माघारी येताना माझ्या पाठीला तोंड लावून सगळा शर्ट भिजवला. ज्या मुलीकडे भुवया होत्या, ती पन्नासला पायांकडे बघायला लागली आणि पुन्हा वर बघेचना.

आता ते डोळे. ओठ वर्गात काढलेले होते, हसरे, सुटीच्या आधीच्या तासाचे. वर डोळे इस्पितळात काढलेले. खाली हसू आणि वर भीती, अशी बारा पानं होत गेली. मी पाचवं पाहिलं आणि मला नको झालं. सरांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं मांडून ते आम्हाला दाखवत होते.

"बघा! बघा या पोरीने काय काढलंय! सत्तावीस वर्षांत असे डोळे उतरले नाहीत. पाणीसुद्धा काढलंय हो, बटणाच्या डोळ्यांतलं, पापणीच्या आत, पडायच्या आधीचं!"

अक्का चष्मा लावून वाकल्या. "हे डोळे कशाकडे बघतायत ते बघितलंस का?"

"कागदावर बघ ना अक्का, किती खरं..."

"तिच्याकडे बघतायत, मुडद्या. ती पोरगी आठवड्यातून दोनदा दुसऱ्याच्या तोंडावर स्वतःला वाचते आणि तू टाळ्या पिटतोस."

पण पानं आवरताना बटणाचं पान त्यांनी सर्वांत वर ठेवलं, हे मी पाहिलं.

अकरावं पान झालं त्या दिवशी तिने विचारलं, "सर, माझं पान कुठाय?"

"आहे ना. तुझ्यासाठीच थांबलंय."

"मग आणा. आरसा पण आणा."

सरांनी तिच्या आईला बाहेर व्हरांड्यात गाठलं. मी होतोच, उजव्या कानाला घेऊन. आई कारखान्यातून आली होती, बाह्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"ती आरसा मागतेय," सर म्हणाले.

"मागू दे."

"आता आणखी एक झालं की तिचं एकटीचंच पान राहतंय."

"तुम्ही काढा डोळे. तुम्ही सर आहात ना चित्रकलेचे?"

"आमच्यात तसं नसतं हो, ताई."

"आमच्यात म्हणजे कोणात? तीस पोरं आणि एक म्हातारा. कसली जात म्हणायची ही?" ती रडत नव्हती. रागावली होती. "सर, मी चमचेसुद्धा लाकडाचे आणलेत. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. तेवढे दिवस तिच्या मनात ती जशी होती तशी राहू दे. एवढंच मागते. बाकी तुम्ही म्हणाल ते करीन, वर्गाचे पडदे शिवून देईन."

"बरं," सर म्हणाले.

ते 'बरं' मी ऐकलं. मला वाटलं, विषय संपला. पण सरांना मी चौदा वर्षं ओळखत होतो, मला कळायला हवं होतं. त्यांना कुणी एखादी गोष्ट बघू नको म्हटलं की ते भांबावून जात. बघण्याने कुणाचं वाईट होतं हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आणि शिवाय पोरीने स्वतः मागितलं होतं. आणि शिवाय सव्वीस वह्यांत एकही पान अपुरं नव्हतं. अशी ही तीन 'शिवाय' घेऊन शनिवारी ते निघाले. आईची त्या दिवशी दुपारची पाळी होती.

बारावं पान झालं. डावा कान काचेपलीकडून हात हलवून बाकावर जाऊन बसला. मी दार अर्धं उघडून उभा होतो. सरांनी फळीवर तिचं पान लावलं: दोन वेण्या, गोबरे गाल, मधे दोन मोकळ्या जागा. मग खिशातून तो बशीएवढा आरसा काढला.

मी आत जायला हवं होतं. नाही गेलो. गणिताचा शिक्षक, मनात उदाहरण मांडत बसलो आणि तेवढ्यात उत्तर येऊन गेलं.

तिने आरसा दोन्ही हातांत धरला. ओठ हलायला लागले. तीसच्या आसपास थांबले.

"पुरे, सर."

आणि शंभरसर म्हणाले, "अजून सत्तर."

मुद्दाम नव्हे. सत्तावीस वर्षांत कुठलंही पोर मध्येच थांबलं की ते हेच म्हणत आले होते. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. पण ती शहाणी मुलगी होती, सरांचं ऐकायची. तिने पुन्हा आरशात बघितलं आणि उरलेले सत्तर मोजले. मी बाहेर उभा राहून ते तिच्याबरोबर मोजले. एवढा लांब आकडा मी आयुष्यात दुसरा मोजलेला नाही.

मग तिने पेन्सिल घेतली. पानाकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. पेन्सिल फळीवर ठेवली.

"हे डोळे त्या चेहऱ्यात बसायचे नाहीत, सर," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. माप चुकलंय, असं शिंप्याने सांगावं तसं सांगितलं. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

संध्याकाळी आई आली तेव्हाही ते पांघरूण तसंच होतं. आईने खूप हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून प्रश्न आला, "आई, म्हणून तू पेला नेलास का?"

पुढच्या बुधवारी रखवालदाराने आम्हाला दारातच अडवलं. अक्कांनी या खेपेला "काय रे?" म्हटलं नाही. खाली मान घालून उभ्या राहिल्या. बाईने सगळ्यांनाच बंदी केली होती आणि तिचं बरोबर होतं. मुलगी त्यानंतर अकरा दिवस होती. अक्कांना आतल्या परिचारिकांकडून कळायचं. ती कुणालाच तोंड दाखवत नव्हती. औषध द्यायचं तर पांघरुणाखालून हात बाहेर काढायची. आईलासुद्धा तिने म्हणे शेवटपर्यंत तोंड पाहू दिलं नाही. पाहू दिलं ते मेल्यावर, कारण तेव्हा तिचं चालत नव्हतं.

सर शाळेत येत होते. तास घेत होते. पोरं स्टुलाकडे बघायची, स्टूल रिकामं असायचं. शिक्षकांच्या खोलीत कुणी विनोद केला की ते हसायचे, पण एक क्षण उशिरा. अक्का म्हणाल्या, "घरी बोलत नाही. परवा कणीक न मागता ठेवली त्याच्यासमोर. खळ कर म्हटलं. बघत बसला."

महिन्याने तिची आई शाळेत आली. दप्तर न्यायचं होतं, एक पाण्याची बाटली होती. ते घेतलं आणि ती चित्रकलेच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तास सुटलेला होता. मी खडू मागायला आलो होतो, मला निघताही येईना.

"ते पान द्या," ती म्हणाली.

सरांनी कपाटातून काढून दिलं. तिने ते बाकावर पसरलं, चारी कोपरे हाताने सपाट केले, कापड करतात तसे. वेणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "डोळे काढून द्या."

"मी..."

"समोर माणूस लागतं ना तुम्हाला? ही मी बसते." ती पहिल्या बाकावर बसली. लहान मुलांचा बाक, तिचे गुडघे वर आले. "लोक म्हणायचे, तिचे डोळे माझ्यावर गेलेत. माझे बघा आणि काढा."

सर तिच्यासमोर बसले. त्यांच्या हातात पेन्सिल मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ओठ हलायला लागले. मी मनात मोजत होतो म्हणून मला माहीत आहे: बारापर्यंत पोचले. बाराला त्यांची नजर खाली गेली ती पुन्हा वर आली नाही. खाली बघूनच ते काढत राहिले.

शिक्षकांच्या खोलीतली बोलवा खरी होती. त्यांना काढता येत नव्हतं. बदामाच्या आकाराची दोन, मधे गोल, गोलात टिंब, वर चार चार पापण्या. पाठ्यपुस्तकात असतात ते. कुणाचेही डोळे. डावा किंचित वर.

आईने पान उचललं. उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता ही फाडणार, किंवा ओरडणार, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. पानाची गुंडाळी केली, दप्तरात उभी घातली, आणि कामावर उशीर होतोय म्हणून निघून गेली.

त्या वर्षीची वही शिवली गेली नाही. उरलेली तीस पानं सरांनी ज्याची त्याला घरी देऊन टाकली. बऱ्याच आयांनी ती भिंतीवर लावली नाहीत, असं पोरांकडून कळलं.

सरांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. त्या दोन वर्षांत त्यांनी अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवलं. पहिल्या सत्रात फळं, दुसऱ्या सत्रात फुलदाणी, पाठ्यपुस्तकात बघून. दुसऱ्या वर्षी तपासणी झाली. साहेबांनी शेरा लिहिला: "चित्रकला – समाधानकारक."